पंधरा सेकंदांचा दम

"पंधरा सेकंद?" बाकिझिओ हसला. "पोरी, मी लाउनेद्दास वाजवतो. तोंडात बोरूचे तीन पावे धरून मिरवणुकीत चाळीस मिनिटं फुंकतो, सूर एकदाही तुटत नाही. अख्ख्या सार्दिनियात असा दम नाही कुणाचा."

"मला सूर नकोय, काका," एमआरआयची तंत्रज्ञ इलारिया म्हणाली. "श्वास थांबवा, एवढंच."

थॅलसेमियामुळे बाकिझिओला लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढत होतं आणि त्यातलं लोह यकृतात कायमच्या मुक्कामाला येत होतं. ते उपसायला आठवड्यातल्या पाच रात्री पोटात सुई आणि कमरेला औषधाचा पंप. आज लोह सातच्या खाली दिसलं, तर पंप बंद आणि गोळ्या सुरू, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. नाही दिसलं, तर पुढची तारीख सहा महिन्यांनी.

पाय आधी बोगद्यात गेले, डोकं बोगद्याच्या तोंडाशी राहिलं. "श्वास सोडा. आता थांबा." यंत्र खडखडलं. पडद्यावर यकृताच्या जागी ढवळलेलं सूप आलं.

"काका, तुम्ही श्वास घेताय."

"मी? शक्यच नाही."

दुसऱ्यांदा सूप. तिसऱ्यांदाही सूप. शेवटी इलारियाने बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला, बोनारियाला बोलावलं. तिने काचेतून एकदाच पाहिलं.

"गाल बघ त्याचे. गालातली हवा सोडत नाकाने नवी ओढतोय. वाजवताना तेच करतात. आता त्याचं त्यालाही कळत नाही."

"मग थांबवायचं कसं?"

"मी थांबवते."

आत धातू चालत नाही, म्हणून तिने कानातलं काढलं, क्रॉस काढला, केसांतल्या अकरा पिना काढल्या, साबण लावून लग्नाची अंगठीही काढली. मग आत जाऊन एका हाताने नवऱ्याचं नाक धरलं आणि दुसऱ्याने तोंड दाबलं. लग्नाच्या फोटोतही ती इतकी प्रसन्न दिसत नव्हती.

"झालं, सोडा," इलारिया माइकवरून म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बाई, सोडा त्यांना."

आठवड्याने अहवाल आला. चार पूर्णांक एक! डॉक्टरांनी पंप परत घेतला. बाकिझिओ थेट गावातल्या बारमध्ये गेला, सगळ्यांना वाइन पाजली, "तिथे औषध नाही, दम कामी येतो," असं तीनदा सांगितलं आणि पुरावा म्हणून कागद झेफिरिनो न्हाव्याच्या हातात दिला.

झेफिरिनोने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. आकड्याला टाळ्या पडल्या. तो मात्र पुढे वाचतच राहिला.

"'तपासणीच्या वेळी रुग्णाचे नाक व तोंड पत्नीने धरले होते. पुढील तपासणी एका वर्षाने. पत्नीसह यावे.'"