मेंदी लावलेले मेंढे

तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या विद्यापीठात फेरायचे सहा मेंढे तीन महिने कीटकनाशक मिसळलेला दाणा खात होते आणि त्यांना काहीच होत नव्हतं. मेंढ्याच्या जननमार्गात विषाचा निकाल लावणारी एन्झाइम्स असतात. विष पोटात गेलं की वीर्यात ती वाढणार, असं फेरायने प्रबंधात लिहूनही टाकलं होतं. पण आकडा ढिम्म हलेना. डॉक्टरेटची मुदत पंधरा दिवसांवर आली होती.

शेजारच्या गोठ्यात डॉ. तेकिनचे मेंढे होते. थंडीचा वीर्यावर काय परिणाम होतो, हे तो तपासत होता आणि त्याच्या मेंढ्यांत नेमकी तीच एन्झाइम्स दुप्पट झाली होती. दोघांच्या नळ्या एकाच फ्रीजमध्ये. तेकिनने नळ्यांची अदलाबदल केली, याला फेरायला आणखी पुरावा नको होता. तिने फ्रीजला कुलूप घातलं.

"माझा शोध बघून पोटात दुखतंय वाटतं," तेकिन म्हणाला आणि त्याने वर दुसरं कुलूप घातलं. आता एकट्याला फ्रीज उघडेना. दिवसभर दोघं समोरासमोर बसून एकमेकांवर पहारा करत. विभागप्रमुखांना तिसराच संशय येऊ लागला.

एका सकाळी फेराय गोठ्यावर गेली, तर मेंढ्यांना दाणापाणी करणारे म्हातारे हिदायतकाका विषाच्या दाण्याची बादली घेऊन पलीकडे निघालेले.

"काका, तिकडे कुठे?"

"तेकिनसाहेबांच्या मेंढ्यांना. तुमच्यांच्या पाठीला मेंदी आहे ना."

"रंग संपला म्हणून खुणेला लावलीय. तुम्हीच तर लावलीत."

"बिस्मिल्ला म्हणून लावली, बाई. मेंदी लागली की जनावर कुर्बानीचं. त्याला विष घालून वर काय तोंड दाखवू?"

"मग फेकून द्यायचा दाणा."

"अन्न फेकतात होय?"

फेरायला रडावं की हसावं कळेना. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण पुरावा तेकिनच्या नळ्यांत होता. चहाचे दोन पेले घेऊन ती त्याच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं.

तेकिन तिथल्या रीतीप्रमाणे चहासाठी साखरेचा खडा दातांत धरून ऐकत होता. चहा प्यायचा राहूनच गेला.

"म्हणजे ते थंडीने नव्हे?"

"विषाने. त्या नळ्या मला द्याल का?"

"नळ्या न्या," तो म्हणाला. "माझा लेख परवाच छापून आलाय."