सत्तेचाळीस ते सत्तेचाळीस

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी भराभर उभ्या राहिल्या: पत्र्याची शेडं आणि शिकवण्या. अमृतरावांच्या शिकवणीत डॉक्टर घडवणारी एक खास तुकडी होती आणि तिच्यात भूकंपग्रस्तांसाठी एक मोफत जागा राखून ठेवलेली होती. तिच्यासाठी शंभर अर्ज आले. त्या पहाटे ज्यांची झोपसुद्धा मोडली नव्हती, त्यांचेही आले. उदगीरचे आडत व्यापारी महादेवप्पा म्हणाले, "त्या दिशी आमचा तराजूबी हालला की वो. नातू तवापासून दचकतोय." अर्ज मंजूर झाला.

शिफारशींचे फोन खणखणू लागले तेव्हा अमृतरावांनी जाहीर केलं, की निवड कम्प्युटर करील. कम्प्युटरला सोयरेधायरे नसतात. कम्प्युटर शिकवणाऱ्या रेणुकादास सरांनी सी भाषेत प्रोग्राम लिहिला: एक ते शंभर यांतला कुठलाही एक आकडा काढ. औशाजवळच्या शेडमध्ये राहणारी शिवगंगा त्यांच्या माहितीची होती. तिचं घर गेलं, बाप गेला, गणित तेवढं शाबूत राहिलं. तिचा नंबर त्र्याऐंशी. पोरीला शंभरात एक का होईना, पण खरी संधी मिळणार, याचं सरांना मनापासून बरं वाटत होतं.

पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी सोडतीची रंगीत तालीम झाली. आकडा आला सत्तेचाळीस. प्रोग्राम पुन्हा चालवला, पुन्हा सत्तेचाळीस. सुरुवात कुठून करायची ते सांगितलं नाही, तर यंत्र दर वेळी एकाच दारातून बाहेर पडतं, हे सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी लगेच घड्याळाची वेळ जोडून चूक सुधारली. तोवर महादेवप्पांच्या नातवाचा नंबर बदलून सत्तेचाळीस झालेला होता.

सोडतीत त्र्याऐंशी आला. शिवगंगेची आई सुमनबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. महादेवप्पा ताडकन उभे राहिले.

"काल सत्तेचाळीस म्हणलं, आज त्र्याऐंशी! रोज जबान बदलणाऱ्या यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा?"

सभेला हे पटलं. शंभर हा पसारा मोठा असल्याने यंत्र भरकटतं, असा निष्कर्ष निघाला आणि एक ते पन्नास अशी मर्यादा घालण्यात आली. बारा आला. तो मुलगा किनवटच्या एका मास्तरांचा. मास्तर चहाला बाहेर गेले होते, म्हणून अनुपस्थितीच्या कारणास्तव बाद. मर्यादा चाळीस ते पन्नास झाली. चव्वेचाळीस आला. लागोपाठ दोनदा सम आकडा येणं संशयास्पद आहे, असं अमृतरावांनी खेदाने नमूद केलं.

मग त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमची श्रद्धा यंदा दहावीला ना? पुढच्या साली खास तुकडीत घेऊन टाकू. मर्यादा जरा आवळा."

"किती?"

"सत्तेचाळीस ते सत्तेचाळीस."

सरांना लाज वाटली. बोटं मात्र चालत राहिली. मर्यादेत आकडा एकच, म्हणून भागायचं एकाने; कुठल्याही आकड्याला एकाने भागलं की बाकी शून्य, आणि शून्यात सत्तेचाळीस मिळवले की झालं. प्रोग्राम निर्दोष होता. पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटला, मान्यवरांनी कळ दाबली आणि सगळ्यांनी श्वास रोखून धरला. सत्तेचाळीस! टाळ्या थांबता थांबेनात. यंत्राच्या निःपक्षपातीपणावर अमृतराव बराच वेळ बोलले.

गर्दी पांगताना सुमनबाई सरांजवळ आली.

"सर, आमचा त्र्याऐंशी कुठं गेला वो?"

"मर्यादेबाहेर गेला, मावशी."

"मर्यादा यंत्रानं ठरविली का?"

सरांनी कम्प्युटर बंद केला. शिवगंगेनं आईचा दंड धरला. "चल आई, औशाची बस जाईल," एवढंच ती म्हणाली.

बाकी कुणी चकार शब्द काढला नाही. प्रत्येकाच्या घरात पुढेमागे दहावीला बसणारं एखादं पोर होतंच.

अमृतरावांचा तुम्हाला राग आला असेल, वाचकहो. यावाच. पण तुमचा नंबर लागला तेव्हा पेढे वाटायच्या आधी तुम्ही विचारलं होतं का, की मर्यादा कुठून कुठवर होती?