नाना परबांचा एटना

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत पाणी आलं का हे कळायच्या आधी डोंगर कसा आहे ते कळतं. शेजारचे नाना परब गॅलरीत दात घासता घासता जाहीर करतात, "आज शांत आसा. नुसतो धूर." हा डोंगर सह्याद्रीतला नव्हे. तो इटलीतल्या सिसिली बेटावरचा एटना, जिवंत ज्वालामुखी. तिथे कोणीतरी त्याच्यासमोर कॅमेरा लावून ठेवलाय आणि गोदीतून निवृत्त झालेले नाना मोबाइलवर त्याच्यावर नजर ठेवून असतात.

"तिथली माणसं त्याला बाई मानतात," नाना मला सांगतात. "आईसारखी. जेवायला पण तीच घालणार, फटका पण तीच देणार." एकदा सुरू झाले की मग थांबत नाहीत. घरं काळ्या दगडाची, रस्ते काळ्या दगडाचे. लाव्ह्याने शहर गाडलं की त्याच लाव्ह्याचे दगड फोडून लोक पुन्हा शहर बांधतात. त्या काळ्या मातीत लिंबं अशी, की वासानेच माणूस थबकावा. ग्रीक आले, अरब आले, नॉर्मन आले. "सगळे मालक म्हणून आले नि भाडेकरू होऊन राहिले. मालकीण एकच." मी हसायचो. एकदा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बर्फाने पांढऱ्या झालेल्या माथ्यावरून विस्तवाचा ओहोळ उतरत होता. आवाज नाही, घाई नाही. मी कितीतरी वेळ बघत राहिलो आणि माझा चहा गार झाला.

गणपतीच्या आराशीत मंडळाला कैलास हवा होता. नानांनी कागदाच्या लगद्याचा एटना केला आणि आत धुपाटणं ठेवलं. आरतीला अर्धी चाळ खोकत होती. तरी लोकांनी कैलास समजून हात जोडले. मी म्हटलं, "नाना, फसवलंत की सगळ्यांना." तर म्हणाले, "हात जोडले ना? मग झालं."

एवढं सांगणारे नाना एक गोष्ट मात्र कधीच काढत नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता त्याच डोंगराच्या उतारावर राहते. शिकायला म्हणून गेली आणि तिथल्या एका लिंबाच्या बागवाल्याशी, जुझेप्पेशी, लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. नानी तिला फोन लावतात, तेव्हा नाना खाली नाक्यावर जाऊन उभे राहतात. लेकीची खुशाली विचारायची नाही म्हणून या माणसाने अख्खा ज्वालामुखी पाठ केला, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर कोणी बोलत नाही.

परवा संध्याकाळी एटना खवळला. आधी मोबाइलवर काळा धूर दिसला, मग काहीच दिसेना. "लाव्हा बागांच्या अंगाने येतोय म्हणतात," नाना म्हणाले. तिकडची माणसं अशा वेळी आपल्या संत आगाताचं वस्त्र घेऊन लाव्ह्यासमोर उभी राहतात. नानांनी गॅलरीत पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला, डोक्यावर टोपी घातली आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्या कोकणात देवाकडे असंच मागतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. बघता बघता मजला गोळा झाला.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा, आणि थंयच्या आगातामाये…"

"व्हय म्हाराजा."

"हो जो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. त्या डोंगराक शांत कर."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव घ्यावंच लागतं. नाना अडले.

"माझ्या सुजाताची राखण कर," ते म्हणाले. नंतर घसा खाकरून, "आणि माझ्या जावयाची. जुझेप्पेची."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. आमचे आवाज थांबले आणि मागून आणखी एक आला, बारीक, लांबचा. नानी दारात फोन धरून उभ्या होत्या.

"बाबा," फोनमधून सुजाता म्हणाली, "आम्ही खाली शहरात आलोय. दोघंही बरी आहोत."

नाना फोनजवळ गेले.

"जावयाक बोलव," ते म्हणाले. "नारळ अजून फोडलेलो नाय."