पहिल्या मानाचा फोटो

कॅमेऱ्यात एकशे सात फोटो होते. त्रेसष्ट टोपी-टॉवेलाचे, बावीस अंगठ्यांचे, नऊ पेढे भरवण्याचे, सात पंगतीचे, पाच ताईचे एकटीचे आणि एक माझ्या अंगठ्याचा. अंगठ्याचा सगळ्यांत स्पष्ट आला होता.

हे सगळे फोटो एकही वायर न लावता मोबाईलमध्ये येणार होते. हवेतून! पाहुण्यांची जीप आमच्या अंगणातून हलायच्या आत! तशी घोषणा मी आठवडाभर आधीच करून टाकली होती. आप्पांनी जळकोटमधल्या ज्या फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं त्याला मी स्वतः जाऊन "येऊ नका" म्हणून आले. तो बिचारा वायरींचा माणूस. फोटो काढणार, दुकानात नेणार, कंप्युटरला वायर लावणार आणि पंधरा दिवसांनी अल्बम देणार. पंधरा दिवस! मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, प्रथम श्रेणी! मैत्रिणीचा वाय-फायवाला कॅमेरा मागून आणलेला!

"हर्षाली, नक्की ना?" आप्पांनी विचारलं. आमचे आप्पा घरचं सोयाबीन पेरतानासुद्धा दोनदा उगवण तपासून बघतात.

"आप्पा, एका फोटोला अकरा सेकंद. मी मोजलेत."

"फोटोग्राफर बरा होता गं. अल्बमवर मोर काढून देतो," आई म्हणाली. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

कार्यक्रम होता शिवलीलाताईच्या साखरपुड्याचा. मुलगा लोहाऱ्याचा, बसवराज. ताईला तो मनापासून पसंत होता, आणि ही गोष्ट आमच्या घरात फार जपून हाताळावी लागते, कारण ताईचं आधीचं एक स्थळ टॉवेल आखूड निघाला म्हणून मोडलं होतं. थट्टा नाही! त्या मुलाच्या चुलत्यानं टॉवेल अंगाभोवती गुंडाळून बघितला, टोकं जुळली नाहीत, आणि ते लोक चहा न घेता निघून गेले. चुलत्यांचा घेर कुणी मोजला नाही.

तर आमच्याकडे साखरपुड्यात साखर कमी पडलेली चालते, मान कमी पडलेला चालत नाही. मान म्हणजे चौरंगावर बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. पहिला मान मुलाच्या मामाचा, दुसरा काकाचा, मग पायरी पायरीनं खाली. हल्ली त्यात फोटोची भर पडली आहे. टोपी घातली पण फोटो नाही, म्हणजे टोपी घातलीच नाही!

बसवराजचे मामा म्हणजे धुळाप्पा मामा. भरघोस मिशा, भरघोस आवाज. त्यांच्या घरात लग्नाची तारीख मामानं बोलायची रीत आहे. स्वामींनी तीन तारखा सांगितल्या होत्या. त्यांतली एक मामा बोलणार, मग ती पक्की. मामा बोलले नाहीत तर लग्न लोंबकळलं.

पंगती उठल्या. मामा खुर्चीत टेकून बसले, सुपारी तोंडात टाकली आणि आप्पांना म्हणाले, "उत्तरेश्वरराव, तारीख सांगतो. पर त्याआधी ह्या पोरीचं हवेतलं फोटो बगू द्या. माझा मानाचा फोटो लोहाऱ्यात पोचला पायजे, गाडी पोचायच्या आत!"

"आत्ता, मामा!" मी म्हणाले. आयुष्यातला माझा शेवटचा आत्मविश्वास.

मांडवालगतच्या ओसरीत टीव्हीशेजारी कॅमेरा ठेवला, वाय-फाय चालू केलं, मोबाईल जोडला. मला घेरून तीसेक माणसं उभी राहिली. अकरा सेकंद. पहिला फोटो आला!

जीपच्या ड्रायव्हरचा.

डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, तोंडभर हसू.

"ड्रायव्हर?" मामा म्हणाले.

"लई भारी आलाय की!" ड्रायव्हर मागून म्हणाला. त्या दिवशी समाधान पावलेला तो एकमेव माणूस.

दुसरा फोटो आला, आचाऱ्याचा. तिसरा, आचाऱ्याच्या मेव्हण्याचा. मामांच्या मिशा हळूहळू खाली यायला लागल्या. आणि मला कारण कळलं. कॅमेरा जुन्या मॉडेलचा. त्यात फोटो निवडून घ्यायची सोय नव्हती. सगळ्यांत ताजा फोटो आधी पाठवायचा आणि तिथून मागं मागं जायचं, एवढंच त्याला ठाऊक. मामांना सगळ्यांत आधी चौरंगावर बसवलेलं, म्हणून त्यांचा फोटो एकशेसातवा! मानाची रांग पुढून सुरू होते, माझा कॅमेरा मागून सुरू करत होता. ज्याचा मान जितका मोठा, त्याचा फोटो तितका उशिरा!

हे मामांना समजेल अशा भाषेत सांगायला मी गेले.

"मामा, पोत्यात ज्वारी भरताना जो दाणा आधी पडतो तो शेवटी बाहेर येतो ना? तसं तुम्ही पोत्याच्या तळाशी आहात."

"म्या तळाशी?"

"म्हणजे तसं नाही..."

"आन् डायवर वर?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा बालवाडीत जावंसं वाटलं. "मामा, सगळे मिळून एकोणीस मिनिटं आणि सदतीस सेकंद," मी म्हणाले. "तेवढं थांबा. मग तुमचाच."

थांबले. मानलं पाहिजे. पेढे येऊन गेले, अंगठ्या येऊन गेल्या, माझा अंगठा येऊन गेला. ("हे कोण?" कुणीतरी विचारलं.) मग टोप्यांचा डोंगर सुरू झाला. भाऊबंद आले, जावई आले, सरपंच आले. शेवटी एकशेसहावा आला, म्हणजे दुसरा मान. बसवराजचे आण्णासाहेब काका!

"बगू, बगू!" म्हणत काकांनी माझ्या हातातला मोबाईल हिसकावला आणि काकूंना दाखवायला थेट अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. मोबाईल कॅमेऱ्यापासून लांब गेला. संबंध तुटला.

मामांचा फोटो राहिला.

"काकाचा आला," मामा सावकाश म्हणाले. "आन् मामाचा न्हाय."

"पुन्हा जोडते, मामा! एक मिनिट!"

जुळेना. मोबाईल परत आणला, बंद केला, चालू केला, देवाचं नाव घेतलं. कॅमेरा एकच सांगत होता: मी दुसऱ्या मोबाईलला जोडलेला आहे. दुसऱ्या कुठल्या? शोधलं, आणि सापडला. टीव्हीच्या मागं, कॅमेऱ्यापासून दोन हातांवर, काकांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला! सकाळी पाहुणे आल्या आल्या मीच मोठ्या हौसेनं काकांच्या मोबाईलवर प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्या मोबाईलनं पासवर्ड लक्षात ठेवला होता. माझा मोबाईल फाटकाकडे गेल्याबरोबर त्यानं एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी कॅमेऱ्याची जागा धरली. आणि कॅमेऱ्यात जागा एकच!

"मामा, काकांच्या मोबाईलनं कॅमेरा धरून ठेवलाय," मी खरं ते सांगितलं. विज्ञानात खरं सांगायचं असतं.

"धरणारच!" मामा खुर्चीतून उठले. "ह्यो माणूस आयुष्यभर असंच करत आलाय! बहिणीच्या लग्नात घोड्याचा लगाम बी ह्यानंच धरला हुता!"

"कुणी धरलंय?" काका आले. "म्या तर अंगणात हुतो!"

"काका, तुमचा मोबाईल जरा बंद करता का? नाहीतर तो घेऊन तीसेक फूट लांब बसा, बाभळीखाली," मी म्हणाले.

मी काय बोलले ते मला आप्पांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. नवऱ्या मुलाच्या काकांना, साखरपुड्याच्या दिवशी, मांडवातून उठवून बाभळीखाली बसायला सांगितलं होतं!

"व्हय का?" काका म्हणाले. "मामाचा फोटो यावा म्हणून काकानं लांब बसायचं? बसतो की! लोहाऱ्यात जाऊनच बसतो! ए, गाडी काढ!"

"गाडी मामाच्या शबदाबिगर हलत न्हाय!" मामा गरजले.

"माझा लई भारी आलाय बगा," ड्रायव्हर म्हणाला, पण कुणी ऐकलं नाही.

मला स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी आत ओढलं. ताई होती. नवी कोरी हिरवी साडी, बोटात नवी कोरी अंगठी, डोळ्यांत पाणी.

"हर्षू, मला हाच मुलगा पाहिजे."

"माहितेय, ताई."

"मग तुझा तो डबा नीट चालव!"

मी बाहेर आले. डोकं शांत ठेवलं. प्रश्न काय आहे? ताजा फोटो आधी येतो. मग मामांचा फोटो ताजा करायचा! किती सोपं! मी आप्पांच्या कानात सांगितलं, आप्पांनी हात जोडले. "मामा, आमचं समाधान झालं न्हाय. तुमाला परत एकदा टोपी घालायची हाय."

दुसऱ्यांदा मान! मामा लगेच चौरंगावर. टोपीवर टोपी, टॉवेलावर टॉवेल. क्लिक! आता फक्त वाय-फाय सुरू करायचं. त्याला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात.

तेवढ्यात चौरंगावर काका येऊन बसले होते!

"मामाला दोनदा, तर काकाला बी दोनदा. पायरीनं! काढ फोटो!"

काढायचा नाही म्हणावं तर दुसरा अपमान. काढला. आता सगळ्यांत ताजा फोटो कुणाचा? काकांचा! मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते आता माझ्याइतकंच इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते.

"म्हंजी परत त्याचाच आधी?"

मग मामांना तिसऱ्यांदा बसवलं. मग काकांना तिसऱ्यांदा. मामांनी मधे सुचवलं की आधी काकाला घाला, मग मला, म्हणजे माझा वर येईल. पण लगेच त्यांच्याच लक्षात आलं की मग टोपी घालण्यात काकाचा नंबर पहिला होतो. काकांच्याही ते लक्षात आलं आणि ते एकदम या सूचनेच्या बाजूनं झाले! मी कागदावर सगळे क्रम मांडून पाहिले. टोपी आधी आणि फोटोही आधी, असा एकही क्रम निसर्गात उपलब्ध नव्हता. चौथ्या फेरीला टॉवेल संपले. आप्पा मामांच्या मांडीवरच्या ढिगातला एक हळूच काढून काकांच्या खांद्यावर घालायला लागले. सूर्य बाभळीच्या मागं गेला. कॅमेऱ्याच्या बॅटरीची एकच रेघ उरली आणि तीही लुकलुकायला लागली.

बसवराज पहिल्यांदाच बोलला. "मला फोटो नसले तरी चालतील."

"तू गप!" मामा आणि काका एका सुरात म्हणाले. दिवसभरातली ती त्यांची पहिली एकवाक्यता.

ते ऐकूनच बहुतेक ताई पदर सावरत बाहेर आली. नवरी मुलगी असं सगळ्यांसमोर येऊन बोलत नाही आमच्याकडे. ती बोलली.

"मामा, काका, तुम्ही दोघं एकदमच बसा. आप्पा दोन हातांनी दोन टोप्या एकाच वेळी घालतील. फोटो एकच निघंल. कुणाचा आधी न्हाय, कुणाचा मागं न्हाय."

मामांनी विचार केला. काकांनी विचार केला.

"पोरगी हुशार हाय," मामा म्हणाले.

"आमच्या घरात शोभंल," काका म्हणाले आणि आपणहून टीव्हीमागचा मोबाईल काढून बंद केला! मी बी.एस्सी. आहे, ताई बी.ए. आहे, एवढंच इथं नमूद करते.

शेजारून दुसरा चौरंग आणला. मामा उजव्या हाताला, काका डाव्या हाताला. समोरून पाहिलं तर उजवा कोण, यावर थोडं वाजलं, पण ताईनं एकदा नुसतं पाहिलं आणि ते मिटलं. आप्पा दोघांच्या मागं उभे राहिले, दोन्ही हातांत दोन टोप्या, कावड घेतल्यासारखे.

"आप्पा, तीन म्हटलं की! एक... दोन..."

अंधारून आलं होतं. फ्लॅश आपोआप वर आला.

"तीन!"

विजेसारखा उजेड पडला! दोन्ही टोप्या एकाच क्षणी टेकल्या. मांडवात टाळ्या! बॅटरी जाऊ नये म्हणून मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितलासुद्धा नाही. तडक वाय-फाय. अठ्ठेचाळीस सेकंद. जोडला. अकरा सेकंद. आला! आणि त्याच क्षणी कॅमेरा मान टाकून बंद पडला. पडो बापडा!

मी मोबाईल दोन्ही हातांनी मामांच्या हातात दिला. ड्रायव्हरनं जीप चालू केली. आई साखरेची वाटी घेऊन दारात आली. ताई खांबाला धरून उभी होती.

"मामा, तारीख?" आप्पांनी विचारलं.

"सांगतो की," मामा म्हणाले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. काका त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि हळूहळू हसायला लागले. मामांनी ड्रायव्हरला हात केला. जीपचं इंजिन बंद झालं.

मी पुढं होऊन पाहिलं.

फोटोत मामा-काकांचे मिळून डोळे चार. उघडे एक. डावा, काकांचा.