अण्णांचा हिरमजी पट्टा

सिद्रामअण्णांच्या घरी पाहुण्याला खुर्ची पुढे ओढून बसता येत नसे. ओढायला गेलं की पाहुणाच पुढे यायचा, खुर्ची जागेवरच. तिचे चारही पाय अण्णांनी लोखंडी पट्ट्या मारून फरशीला पक्के करून टाकले होते. आमचे हे पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा सवयीप्रमाणे खुर्ची ओढली आणि खांदा धरून घरी आले.

"खुर्चीनं खुर्चीच्या जागी ऱ्हावं, माणसानं माणसाच्या," अण्णा म्हणायचे. "घराचा मेळ बसला पायजे की. हौदिल्लो?"

हे शेवटचं कानडी. 'होय की नाही?' असा त्याचा अर्थ, पण उत्तराची वाट अण्णा कधी बघत नसत. 'मेळ' हा त्यांचा आवडता शब्द. पावसाचा मेळ, भाकरी-चटणीचा मेळ, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घराचा मेळ.

दुष्काळाचं वर्ष उलटून विहिरींना पाणी आलं, आणि होटगी रोडला आमच्या सोसायटीत एकदम बांधकामं निघाली. आमचा प्लॉट आणि अण्णांचा प्लॉट शेजारी शेजारी. मी शाळेत शिक्षिका, हे कचेरीत. अण्णांचं जुन्या पेठेत भांड्यांचं दुकान. मुलगी विजापूरकडे दिलेली, घरात अण्णा आणि नीलाक्का दोघंच. गवंडी दोन्हीकडे एकच, रसूलमिस्त्री. सिमेंट परमिटवर मिळायचं, त्यामुळे एक पोतं आमच्याकडे, एक तिकडे, असं दोन्ही घरं बरोबरीनं वर येत होती. शर्यत आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. पण ती होती, आणि ती मी एकटीच पळत होते.

माझ्या घराचा आराखडा माझ्या मनात तयार होता. पुढची खोली पिस्ता, निजायची गुलाबी, स्वयंपाकघर आकाशी. प्रत्येक खोलीला वेगळी मोझाइक फरशी. आयुष्यात एकदाच घर होतं, तर जे जे आवडलं ते सगळं त्यात नको का?

अण्णांकडे रंग तीनच. भिंती पांढऱ्याफेक, जमीन काळी शहाबादी, आणि चौकटी, कट्ट्यांच्या कडा, कपाटांच्या मुठी सगळं हिरमजी. विटकरीहून गडद असा तो तांबडा रंग. त्याच रंगाचा एक पट्टा कमरेच्या उंचीवरून साऱ्या घरभर फिरलेला, पुढच्या दारापासून थेट न्हाणीपर्यंत. पट्टा नुसता रंगाचा नाही, गिलाव्यातच जाड वाळू घालून किंचित वर उचललेला. आणि जागोजागी त्याच्यावर उठावाची नक्षी. कुठे एक पाकळी, कुठे दोन, कुठे पुरं फूल.

"चौथा रंग घरात आला की भांडण आलं," अण्णा म्हणायचे.

तीन रंगांचं घर! मी मनात हसले. मग आमच्या वन्सं बार्शीहून घरं बघायला आल्या. माझ्या तिन्ही खोल्या बघून म्हणाल्या, "वहिनी, शाळेच्या गॅदरिंगचा मांडव घातल्यासारखं झालंय." तिथून अण्णांकडे गेल्या आणि तासभर परत आल्या नाहीत. आल्या त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "घर असावं तर असं. सगळं कसं एकाच्याच मनातून आल्यासारखं वाटतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रात्री मी जेवले, पण चव लागली नाही.

खरं सांगायचं तर पट्ट्यापेक्षा मला खुपत होतं ते वेगळंच. फरशी घ्यायला आम्ही एकाच दिवशी वखारीत गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस. आमचे हे टांग्यातच बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "तुला आवडेल ती घे, मला काय कळतंय त्यातलं?" तिकडे अण्णांनी नीलाक्कांना चपला काढायला लावल्या, हाताला धरलं आणि प्रत्येक फरशीवरून चालवलं. "नीले, ही घोटीव हाय. ही बघ, खडबडीत. पायरीच्या अलीकडं ही टाकू?" नीलाक्का डोळे मिटून पाय फिरवायच्या आणि मान हलवायच्या. वखारवाला कंटाळून विडी प्यायला गेला. मी उन्हात उभी राहून बघत होते. कोणी माझ्या तळव्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

बरं, या नीलाक्का तरी कशा? अक्कलकोटच्या माहेरच्या, गोऱ्या, ताठ. चालायच्या तर रस्त्याच्या मधोमध, हनुवटी वर. मी कंपाउंडच्या भिंतीवरून हात केला तरी ओळख द्यायच्या नाहीत. हाक मारली की तेवढ्या वळायच्या आणि गोड हसायच्या. नवऱ्यानं डोक्यावर बसवलंय, दुसरं काय! हळदीकुंकवाला दोनदा बोलावलं, दोनदा काहीतरी निमित्त. साऱ्या गल्लीनं त्यांना गर्विष्ठ ठरवलं होतं आणि ठराव माझाच होता.

अण्णांचे बाकीचे चाळे तर विचारू नका. छत घालायच्या आधीच ते दर रविवारी डोक्यावरून टॉवेल ओढून अर्ध्या घरात फिरत बसायचे. टॉवेल पार नाकापर्यंत. "ऊन लई हाय, बाई," मला म्हणायचे, आणि पुढच्याच पावलाला विटांच्या ढिगाला अडखळायचे, नाहीतर भिंतीच्या कोपऱ्यावर आपटायचे. मग रसूलमिस्त्रीला बोलावून तिथला कोपरा गोल करून घ्यायचे. घर झाल्यावर आणखी एक खूळ. घरात असोत की दुकानाला निघोत, अंगात हिरमजी शर्टच. रोज. तसले पाच-सहा शर्ट शिवून घेतले होते. त्या शर्टात भिंतीला टेकून उभे राहिले की गल्लीतली पोरं म्हणायची, "अण्णांनी सोताला बी चौकटीचा रंग मारून घेतलाय!" मी ती गोष्ट शाळेत सांगून बायकांना हसवत असे.

पण हसून जळफळाट थोडाच जातो? एक दिवस मी रसूलमिस्त्रीला गाठलं. म्हटलं, पिस्ता खरवड. मला पांढऱ्या भिंती पाहिजेत, आणि अण्णांसारखा पट्टा.

"फुलं बी?"

"फुलं तर पाहिजेतच. आणि भरपूर. हे असं, इथं, इथं, या भिंतीच्या मधोमध..."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. "बाई, अण्णा तर निस्तं दारापाशीच टाकायला लावतेत. तुमी बगैर दाराचं टाकायलाव."

"अण्णांना नसेल सुचलं."

झालं. पट्टा फिरला, फुलं उमटली. अण्णांच्या दुप्पट. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. मी मुद्दाम नीलाक्कांना त्यांच्या दारात जाऊन आमंत्रण दिलं. नेहमीसारखं त्या "बगते की" म्हणणार, तेवढ्यात मी टेचात सांगितलं, "आता आमच्याकडेही तुमच्यासारखाच पट्टा केलाय बरं का!"

नीलाक्कांचा चेहरा एकदम बदलला. "आमच्यासारखा? तसाच खरखरीत?"

"अगदी तसाच."

"फुलं पण?"

"फुलं तुमच्यापेक्षा जास्तच!"

"मग येते की मी," त्या म्हणाल्या. आनंदानं गाल लाल झाले होते. मला वाटलं, नरमली एकदाची.

हळदीकुंकवाला त्या एकट्या आल्या. इरकली नेसलेल्या, ताठ. दारातून आत येताना हात अलगद पट्ट्यावर ठेवला. मी मनात म्हटलं, घ्या तपासून. पुढची खोली बायकांनी भरलेली. तिळगूळ झाला, वाण झालं. कोणीतरी पाणी मागितलं, तशा नीलाक्का उठल्या. "मी आणते की, बाई. तुमी बसा." आणि भिंतीच्या कडेनं, बोटं पट्ट्यावरून सरकवत, झपाझप निघाल्या. मधोमध एक पुरं फूल लागलं. त्या थांबल्या, आणि मोठ्या विश्वासानं वळून भिंतीत गेल्या.

कपाळाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बायका हसल्या. कोणीतरी ओरडलं, "अवो नीलाक्का, दार तिकडं!" आणि लाज वाटते, पण मलाही क्षणभर गार वाटलं.

मग मी त्यांचा हात बघितला. तो भिंतीवर खाली-वर फिरत होता. ते फूल त्यांनी पुन्हा शोधलं, पाकळ्या चाचपल्या, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फूल हाय की हितं. मग दार कुटं गेलं?"

माझ्या हातातली वाटी खाली पडली.

आतल्या खोलीत त्यांच्या कपाळाला हळद लावताना त्यांनी सगळं सांगितलं. बाजूचं काहीच दिसत नव्हतं. समोरचं तेवढं, वाटीएवढं, आणि वाटी दर वर्षी बारीक होत चाललेली. यावर औषध नाही असं डॉक्टर म्हणाले होते. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर हिरमजी, एवढंच अजून नीट उमगायचं. एक पाकळी म्हणजे न्हाणी, दोन म्हणजे देवघर, पुरं फूल म्हणजे स्वयंपाकघर.

"नव्या घरात यायला मी तयार नव्हते, बाई. जुन्या घरात डोळे नसले तरी मला सगळं ठावं होतं. हितं चाचपडत फिरले असते तर लोकं म्हणाली असती, आंधळी आली. ह्यांनी मला शब्द दिला, कुणाला कळणार न्हाई असं घर बांधतो म्हणून." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी बी कुणाला सांगू नगा."

नाही सांगितलं. आता त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे गेले. माफी मागायची म्हणून त्या पक्क्या खुर्चीवर बसले आणि नुसती तिच्या लोखंडी पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांनाच माझी दया आली असावी. "तुमची काय चूक, बाई? तुमाला फूल आवडलं, तुमी काढलं."

"ते टॉवेल ओढून फिरणं?"

"ऊन न्हवतं ते," अण्णा ओशाळून म्हणाले. "तिला कुटं लागंल ते आदी मला लागाय पायजे की. हौदिल्लो?"

"आणि हा शर्ट?"

अण्णा उठले. मग भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. पांढरी भिंत, हिरमजी शर्ट. आत नीलाक्का चहा करत होत्या, म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "तोंड दिसत न्हाई आता तिला माजं. पर असा हुबारलो की म्हनती, आलात व्हय?"

त्याच आठवड्यात मी मिस्त्रीला बोलावून माझी निम्मी फुलं छिन्नीनं काढून टाकली. राहिली ती दारांपाशीच, अण्णांच्या हिशेबानं. तेव्हापासून नीलाक्का दुपारच्या माझ्याकडे येतात, न विचारता स्वयंपाकघरात जातात आणि माझ्या शेंगाच्या चटणीला नावं ठेवतात.

एवढं सगळं कळल्यावर माझा हेवा जायला हवा होता. कोणीही शहाणं माणूस म्हणेल, बाई, तुझे डोळे धड आहेत, देवाचे आभार मान. मी मानले. आणि संध्याकाळी ह्यांना विचारलं, "अहो, माझी नजर गेली तर तुम्ही काय कराल?"

हे वर्तमानपत्रातून म्हणाले, "चष्मा करू की."

वाईट माणूस नाही हो. पण त्या रात्री मी पुन्हा जळले.

पुढे एका सकाळी अण्णा फाटकातून बाहेर आले ते पांढऱ्या शर्टात. गल्लीभर हसू पसरलं. "अण्णा, रंग उडाला की काय?" कोणी विचारलं. अण्णाही हसले, म्हणाले, "कटाळा आला, बाबा, त्या तांबड्याचा." पायात नव्या वहाणा होत्या, करकर वाजणाऱ्या, अशा की कोपऱ्यावरून ऐकू याव्यात. त्यावरही पोरांनी हसून घेतलं. एवढा म्हातारा आणि वहाणा नवऱ्यामुलाच्या!

मला हसता आलं नाही. आता तांबडाही दिसेना, एवढंच माझ्या मनात आलं.

अण्णा दुकानाकडे निघाले. नीलाक्का दारात उभ्या होत्या, हात चौकटीवर. करकर करत वहाणा आमच्या फाटकावरून गेल्या, पिंपळापाशी वळल्या, आणि त्या आवाजाबरोबर नीलाक्कांचा चेहराही हळूहळू वळत गेला. कोपऱ्यावर पोचल्यावर अण्णा थांबले. जायची घाई असलेला माणूस, पण उगीचच जागच्या जागी चार पावलं वाजवली, आणि मग गेले.

नीलाक्का हसल्या आणि आत वळल्या. मी हातातला झाडू तसाच धरून उभी होते. मला रडू आलं होतं, आणि हेवाही वाटत होता, अगदी पहिल्या दिवसासारखा.