बोला, मी ऐकतोय

मुलीने दिलेला स्मार्टफोन कानाशी धरून ऑपरेटर दाढी करत होते. मुलीशी बोलता बोलता त्यांचा गाल काचेला कुठेतरी लागला आणि मुलीऐवजी तिच्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल गेला. काय झालं ते बघायला ऑपरेटरांनी फोन समोर धरला. अंगावर फक्त टॉवेल होता. पलीकडे सासूबाई होत्या, नणंद होती आणि घरी आलेले दोन पाहुणेही होते. "अय्या!" एवढाच शब्द ऐकू आला आणि फोन बंद पडला.

ऑपरेटर तसेच फेसासकट उठून आत गेले. त्यांनी तो फोन बायकोच्या पदरात टाकला.

"हे तू सांभाळ. मला टेलिफोन हवाय."

"मग हा काय आहे?"

"टेलिफोन गालाला लावला की बोलणं सुरू होतं. याला गाल लावला की अब्रू जाते!"

बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना ऑपरेटरच म्हणायची. रागावली की बायकोही म्हणायची. त्या काळी दोनशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. डायल फिरून जागेवर येईपर्यंत माणसाला दोन क्षण विचार करायला मिळायचे, त्यामुळे निम्मी भांडणं व्हायचीच नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. "आणि झालीच, तर रिसीव्हर आपटता यायचा," ते म्हणायचे. "यावर राग काढायचा कसा? बोटाने गोंजारून?"

जुन्या बाजारातून त्यांनी डायलचा काळा, चांगला दोन किलो वजनाचा फोन आणला आणि टेलिफोन ऑफिस गाठलं.

"लाइन बंद करायचा फॉर्म पलीकडच्या खिडकीत," कारकून मान वर न करता म्हणाला.

"सुरू करायचीय."

कारकुनाने मान वर केली, चष्मा काढला, पुसला आणि आतल्या साहेबांना बोलावून आणलं. दोघांनी मिळून कपाटाच्या तळातून एक पिवळा पडलेला फॉर्म शोधून काढला. चौथ्या दिवशी लाइन आली. ऑपरेटर बायकोला नंबर सांगायला गेले, तर ती म्हणाली, "घरातल्या घरात मी कोणाला फोन करू? राहू द्या तुमच्याकडेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन खणखणला. ऑपरेटर इतके दचकले, की हातातला चहा सांडला. नंबर तर अजून कोणालाच दिला नव्हता!

"हॅलो, नवराबायकोची भांडणं तिथेच सोडवतात ना?"

"राँग नंबर," ऑपरेटर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत असे नऊ फोन आले. हळूहळू उलगडा झाला. हा नंबर आधी एका समुपदेशन केंद्राचा होता. केंद्र केव्हाच बंद पडलं होतं, पण त्याची पत्रकं अजून गावभर भिंतींना चिकटून होती. दहावा फोन मात्र वेगळा निघाला.

"राँग नं..."

"तीन महिने झाले हो, माझ्याशी एक शब्द बोलला नाही तो!" पलीकडची बाई हमसून हमसून रडायलाच लागली.

बत्तीस वर्षं ऑपरेटरांनी लोकांच्या तारा जोडल्या होत्या. कानावर पडू नये ते सगळं पडायचं, पण मध्ये बोलायची मुभा नव्हती. किती संसार त्यांनी नुसते ओठ आवळून ऐकले होते! आज समोर वरिष्ठ नव्हते की नियम नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि ड्यूटीवरचा तो जुना, नाकातला, अदबशीर आवाज लावला.

"ताई, रडू नका. बोला, मी ऐकतोय."

नवऱ्याच्या बुटात चिठ्ठी ठेवा, असा सल्ला त्यांनी दिला. तिसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला, "बोलला! चिठ्ठी टोचली म्हणून ओरडला, पण बोलला!" तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने अख्ख्या ऑफिसला. महिन्याभरात ऑपरेटर रोज दहा ते एक बाहेरच्या खोलीचं दार लावून वही-पेन्सिल घेऊन बसू लागले. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तारेवर ऐकलेलं घरी न्यायचं नाही, ही नोकरीतली सवय अंगात मुरली होती.

एका गुरुवारी साडेबाराला एक दबका आवाज आला. मागे नळ सोडलेला होता.

"दवाखान्याच्या भिंतीवर तुमचा नंबर बघितला. कोणाला कळणार नाही ना?"

"मुळीच नाही, बाई. बोला, मी ऐकतोय."

"नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय. रोज दार लावून बायकांशी कुजबुजतो. काल मी दाराला कान लावला, तर म्हणत होता, 'रडू नका, मी आहे ना. उद्या घरात कोणी नसताना फोन करा.'"

"शी, शी, शी!" ऑपरेटर खरोखर हादरले. "किती वय या गृहस्थाचं?"

"सदुसष्ट."

"सदुसष्ट! आणि हे धंदे? बाई, अशा माणसाला दयामाया दाखवू नका. सरळ घराबाहेर काढा!"

"मला वाटलंच होतं, तुम्ही हेच म्हणाल," ती हुंदका देत म्हणाली. "चांगला मोबाइल दिला होता मुलीने, तर यांनी तो डायलचा काळा फोन आणला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

ऑपरेटरांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. नळाचा आवाज फोनमधून येत होता आणि भिंतीपलीकडून, न्हाणीघरातूनही. बत्तीस वर्षांत त्यांनी कधी अर्ध्यावर लाइन तोडली नव्हती. आज तोडावी तरी पंचाईत, न तोडावी तरी पंचाईत!

"हॅलो? मग आजच काढू का त्यांना?"

"इतकी घाई... म्हणजे, दुसरी बाजूही..."

एवढ्यात दारावरची बेल वाजली.

"जरा थांबा हं, कोणीतरी आलंय," दोघं एकदमच म्हणाले.

ऑपरेटर बाहेरच्या खोलीतून निघाले, बायको न्हाणीघरातून. दोघं दारापाशी समोरासमोर आले. तिच्या कानाला अजून मोबाइल होता. तिने मोबाइलकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मागे मेजावर आडव्या पडलेल्या रिसीव्हरकडे. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अगं, ऐक..." ऑपरेटरांनी सुरुवात केली. आणि सवयीने आवाज निघाला तो नेमका नाकातला!

बेल पुन्हा वाजली. तिने दार उघडलं. बाहेर एक जोडपं एकमेकांकडे पाठ फिरवून उभं होतं.

"भांडणं सोडवतात ते हेच ना?" त्यातल्या गृहस्थाने विचारलं. "सकाळी फोनवर इथलाच पत्ता दिला होता."

ऑपरेटरांनी डोळे मिटून घेतले. बायकोने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं, नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि खुर्च्या पुढे ओढल्या.

"हो, हेच. बसा," ती म्हणाली. "पण तुमच्या आधी आमचा नंबर आहे."