तिसरं कुलूप

प्रार्थनेला अठरा मिनिटं उरली असताना प्राध्यापकांनी चौथ्यांदा खिसे चाचपले. किल्ली नव्हती.

वसाहतीत सभागृह एक आणि धर्म दोन. सकाळी एकांची प्रार्थना, संध्याकाळी दुसऱ्यांची, आणि खुर्च्या कुणी हलवल्या यावरून दिवसभर जुंपलेली. एकमेकांवाचून अडलेले देश लढत नाहीत, आणि वर एखादी तटस्थ संस्था असली तर मग बघायलाच नको, असं प्राध्यापक तीस वर्षं शिकवत आले होते. म्हणून त्यांनी तह घडवला. दाराला तीन कुलपं : एक सकाळवाल्यांचं, एक संध्याकाळवाल्यांचं, तिसरं तटस्थ संस्थेचं. तटस्थ संस्था म्हणजे स्वतः प्राध्यापक.

आज तहाचा पहिला दिवस, म्हणून सकाळच्या प्रार्थनेला संध्याकाळवालेही हजर. सकाळवाल्यांचे प्रमुख घड्याळदुरुस्तीवाले काका आणि संध्याकाळवाल्यांच्या प्रमुख दातांच्या डॉक्टरीणबाई, दोघांनी आपापली कुलपं मुकाट्याने उघडली. मागे दोन्हीकडची माणसं ताटकळत उभी.

"तुमचं, सर?"

"किल्ली घरी राहिली वाटतं."

"मग वहिनींना लावा की फोन!"

इथेच घोडं पेंड खात होतं. जेवणाच्या टेबलावरचे कागद उचलायचे कुणी, यावरून प्राध्यापकांनी चार दिवस बायकोशी अबोला धरला होता. त्यात त्यांचा फोन असा, की स्पीकरशिवाय ऐकूच येत नसे.

"अगं, टेबलावर किल्ली आहे का बघ."

"असेल. 'संवादातून शांतता' लिहिलेल्या गठ्ठ्याखाली."

"मग आण ना पटकन!"

"कागदांना हात लावलास तर बघ, असं म्हणाला होतात ना? मी नाही बाई लावत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुठल्या धर्माचं, ते कळलं नाही.

"आठ मिनिटं," काका घड्याळाकडे बघत म्हणाले. "आज उशीर झाला ना, तर आमची माणसं तुमचा तह इथेच फाडतील."

"माफी मागून टाका," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "दाढ काढण्यासारखं असतं ते. दुखतं, पण एकदाच."

"पण चूक दोन्हीकडून..."

"सर!" दोघे एकदम ओरडले. त्यांचं कशावर तरी एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

प्राध्यापकांची कानशिलं तापली. "चुकलं माझं," ते बुटांकडे बघत म्हणाले. "टेबल तुझं."

"सगळं?"

"सगळं."

बायको पाच मिनिटांत आली. तिने कुलूप उघडलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. दोन्हीकडची माणसं प्राध्यापकांच्या टेबलाची चर्चा करत आत शिरली आणि बोलण्याच्या नादात मिळूनच खुर्च्या मांडू लागली.

काकांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. काकांनी तिसरं कुलूप कडीतून काढून पुढे धरलं.

"हे घरी न्या, सर. तिथे गरज जास्त आहे."

प्राध्यापकांनी मान खाली घालून हात पुढे केला. कुलूप बायकोने घेतलं.